वाचावे काय, पाहावे काय?



आपल्या वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती घरे फार नाहीत. अशा घरातल्या मुलाने शाळेच्या कपाटातून तुकारामबोवांची गाथा घरी आणली, किंवा रात्री गावात दंडार आहे म्हणून हट्ट धरला, की आईबापांना पेच पडतो. जाऊ द्यावे की नको? पुष्कळजण सोपी वाट धरतात. वर क्रूस असला तर आपले, नसला तर परके! पण हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेला, तर घेणारा गाडीवरचे नाव वाचत बसतो का? तो चिमूटभर कापूस घेऊन बोटांनी ओढून बघतो. पुस्तकाचेही तसेच करावे, असे मला वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावर दोघांचे बोलणे रंगले आणि जाताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. परक्या धर्माचे पुस्तक म्हणून त्यांनी ते खिडकीबाहेर फेकले नाही, वाचले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते सोडवेना. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता गंमत अशी, की ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी तुकारामाची गाथा अडगळीत टाकली नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पुढे त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. ज्या पुलावरून आलो तो मोडायचा कशाला? पौलानेदेखील अथेन्सच्या लोकांशी बोलताना त्यांच्याच कवींचा दाखला दिला होता.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने आपल्या सेवाग्रामात दिसते. 1942 साली अमेरिकन पत्रकार लुई फिशर तिथे आले, तेव्हा बापूंच्या मातीच्या कुटीत भिंतीवर त्यांना चित्र दिसले ते येशूचे. बापूंनी बायबल वाचले ते पारखून. डोंगरावरील प्रवचन थेट त्यांच्या हृदयाला भिडले; ‘गणना’ हे पुस्तक मात्र मुळीच आवडले नाही, असे आत्मचरित्रात त्यांनी सरळ लिहून टाकले आहे. जवळच मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा स्वतः ख्रिस्ती. त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1945 साली बापूंच्याच नवजीवन संस्थेने छापले.

आता उलट बाजू पाहा. आज मोबाइल घरोघर आला आहे. त्यावर येशूचे चित्र लावलेल्या चित्रफिती येतात: इतक्या जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल! क्रूस आहे म्हणून हे आपले म्हणायचे? ज्याने ‘भिऊ नका’ म्हणून सांगितले, त्याच्या नावाने भीती विकायची, हे मला तमाशातल्या फाजील लावणीपेक्षा वाईट वाटते. लावणी निदान सोवळ्याचे सोंग तरी आणत नाही.

मग पारख कशी करावी? मी एक साधी गोष्ट बघतो. पुस्तक मिटल्यावर, खेळ संपल्यावर, शेजाऱ्याकडे बघण्याची माझी नजर कशी झाली? दंडारीला पोरांना जरूर न्या, पण एकटे धाडू नका, बरोबर बसा. येताना वाटेत विचारा, बाबा रे, तू कुणाला हसलास? लबाड सावकाराला हसला असेल तर ठीक. एखाद्याच्या जातीला, नाहीतर एखाद्या बाईच्या दुःखाला हसला असेल, तर तिथेच थांबून दोन शब्द बोला.

गुरुजींना एक सुचवतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या कपाटात असेल, तर काढा. नसेल तर मागवा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर या बाईवर काय कोसळले, तिचे सोवळे हळूहळू कसे गळाले, हे तिने काही न झाकता लिहिले आहे. टिळकांचा तापट स्वभावही झाकलेला नाही. रोज चारपाच पाने वर्गात मोठ्याने वाचा. पोरे हसतील, हसू द्या. भांडणाची पाने मात्र गाळू नका बरं का.