युरोपचे संरक्षण : उसन्या ढालीचे मोल



३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने युरोपीय संरक्षण समुदायाचा करार बासनात गुंडाळला. मूळ कल्पना फ्रान्सचीच होती; परंतु दशकापूर्वी आपली भूमी तुडवणाऱ्या जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्र देण्यास फ्रेंच मन धजावले नाही. तेव्हापासून पश्चिम युरोपच्या रक्षणाचा भार प्रामुख्याने नाटोवर, म्हणजेच अमेरिकेवर राहिला.

१९९९ साली हेलसिंकी येथे युरोपीय संघाने ६० दिवसांत ६०,००० सैनिक उभे करण्याचा संकल्प सोडला. तथापि शीतयुद्ध संपल्याच्या समाधानात संरक्षणाची तरतूद आखडतच गेली.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चौफेर आक्रमण केले आणि ही निद्रा भंगली. जर्मनीने १०० अब्ज युरोंचा निधी घोषित केला. फिनलंड २०२३ मध्ये, तर स्वीडन २०२४ मध्ये नाटोत दाखल झाला. मात्र मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात १० लाख तोफगोळे देण्याचे युरोपीय संघाचे वचन मुदतीत जेमतेम निम्मेच पुरे झाले. धनाची वाण नव्हती. वाण होती ती कारखान्यांची. शांततेच्या काळात मोडलेली उत्पादनक्षमता संकटसमयी एका रात्रीत उभी राहत नाही.

जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोने २०३५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्चाचे लक्ष्य ठरवले. त्यांपैकी साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यसिद्धतेसाठी आहेत. पैसा उभा राहीलही. पण युरोपीय संघात आजही युद्धविषयक निर्णयास २७ राष्ट्रांचे एकमत लागते. ते घडवणारी इच्छाशक्ती कोणत्याही अंदाजपत्रकातून मिळत नाही. स्वसंरक्षणाची चिंता दुसऱ्यावर सोपवणाऱ्या प्रत्येक समाजाने युरोपच्या या सत्तर वर्षांकडे डोळसपणे पाहावे.