बैठकीला यायचं की नाही?

(आशा कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका गटप्रवर्तक कार्यकर्तीने केलेल्या भाषणातून)

कोरोनाच्या काळातल्या आमच्या मासिक बैठकीबद्दल बोल, असं मला सांगितलंय. त्या बैठकीवरून आमच्यात जी भांडणं झाली तशी पगारावरूनही झाली नव्हती. (पगार म्हणतेय खरी! आपण 'स्वयंसेविका', आपल्याला मोबदला.)

२०२० चा जुलै. गावात जमावबंदी. गर्दी करू नका, सहा फूट अंतर ठेवा, हे आम्हीच दारोदार सांगत होतो. आणि आरोग्य केंद्राचा निरोप आला : बैठकीला सगळ्यांनी हजर राहायचं. खोली एवढीशी, खिडकी एक, बाया अडतीस. गैरहजर राहिलं तर बैठकीचे १५० रुपये बुडणार. सरकारी कचेऱ्यांतली हजेरी तेव्हा कमी केली होती, आरोग्य खातं त्यातून वगळलेलं. ते ठीकच. पण पेशंट तपासणं वेगळं आणि रजिस्टरवर सह्या घेणं वेगळं.

मी जाहीर केलं, रजिस्टरं पाठवू, बाकी फोनवर बोलू. वाटलं, सगळ्या पाठीशी उभ्या राहतील. तर निम्म्या माझ्यावरच उलटल्या. एक म्हणाली, "ताई, फोन कुणाचा? घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात. तीन महिने झाले, मनातलं बोलायला मला ही बैठक सोडून जागा नाही." दुसरी म्हणाली, "माझ्या सासूला दमा आहे. तिला काही झालं तर सगळे मलाच धरतील." दोघींचं बरोबर होतं. तरी एकीने दुसरीला घाबरट म्हटलं, दुसरीने तिला बेफिकीर.

आणि मी? कुणालाही न विचारता ठरवून मोकळी झाले होते. साहेब करतात तेच.

मग केंद्रासमोरच्या लिंबाखाली लांब लांब बसून ठरवलं. बैठक शाळेच्या पटांगणात, दहा-दहा जणींची, अर्धा तास. घरात आजारी माणूस असेल तिचं रजिस्टर शेजारच्या गावच्या आशाने आणायचं, तिची हजेरी धरायची. डॉक्टर पटांगणाला कबूल झाले, हजेरीला नाही. आम्ही म्हटलं, नाही म्हणताय ते लेखी द्या. लेखी काही आलं नाही. चौघींचे १५० रुपयेही आले नाहीत. ते आम्ही वर्गणी काढून भरले.

१५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. त्या दोघीही संपात होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. आज दोघी इथे आल्यात, दोन टोकांना बसल्यात. मी आता खाली बसते. आधी त्यांना बोलू द्या.