इमर्जन्सीत रांग नसते

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. साधा आयटीवाला आहे. तरी आज इमर्जन्सी रूमबद्दल बोलणार आहे, कारण तिथे माझी एक मोठी चूक झाली होती.

दोन वर्षांपूर्वी आईबाबा इथे अमेरिकेत आमच्याकडे राहायला आले होते. एका रात्री जेवणानंतर बाबांना दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला. "ॲसिडिटी आहे रे, तू झोप," म्हणाले. तासभर वाट पाहून मी त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. नर्सने विचारलं, काय होतंय? मी बाबांचंच उत्तर इंग्रजीत दिलं: ॲसिडिटी. तिने मला बाजूला केलं आणि बाबांना खुणेनेच विचारलं, कुठे? बाबांचा हात आधी जबड्यावर गेला, मग छातीवर. तिने लगेच ईसीजी काढला. हार्ट ॲटॅक होता. बाबा वाचले, पण ते तिच्यामुळे.

दारातल्या त्या नर्सच्या कामाला ट्रायाज म्हणतात. इथल्या बहुतेक हॉस्पिटलांत ती रुग्णाला एक ते पाच असा क्रमांक देते. एक म्हणजे जीव धोक्यात, पाच म्हणजे थांबलं तरी चालेल. आधी कोण आलं याला महत्त्व नाही. आमच्या धंद्यात तिकिटाला पी-वन, पी-टू लावतात, तसंच हे. माहिती चुकीची भरली की सर्व्हर बंद असला तरी तिकीट तळाशी जातं. मी नेमकं तेच केलं होतं.

आता नर्स काय बघते ते ऐका. सगळ्यात आधी श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध. छातीत दुखत असेल तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा असा नियम आहे. मधुमेह असलेल्यांना, बायकांना आणि वयस्कर माणसांना छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम, घाम, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, एवढंच असू शकतं.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर पहिला प्रश्न येतो: शेवटचे धडधाकट कधी दिसले? ती वेळ लक्षात ठेवा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्तातली साखरही लगेच तपासतात, कारण साखर घसरली तरी माणूस असाच दिसतो. अशा वेळी घरी पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. घशात अडकू शकतं, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घात करेल.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर सकाळची वाट बघू नका.

मग आपण काय करायचं? पहिलं, ९११. आपली गाडी काढू नका. ॲम्ब्युलन्समध्ये उपचार वाटेतच सुरू होतात आणि हॉस्पिटलला आधी कळतं.

दुसरं, आईबाबांच्या गोळ्यांची यादी फ्रिजवर लावा, पण औषधाच्या मूळ नावाने. 'इकोस्प्रिन' इथल्या नर्सला कदाचित कळणार नाही, 'ॲस्पिरिन' कळेल. कशाची ॲलर्जी आहे, तेही लिहा.

तिसरं, दुखणं दहापैकी किती, असं विचारतात. आपली माणसं "दोन-तीन" म्हणतात, उगाच कुणाला त्रास नको म्हणून. तेव्हा सांगा, "यांना असं याआधी कधीच झालं नव्हतं." आणि दुभाषा मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर. मराठी म्हणूनच सांगा, नाहीतर हिंदी गळ्यात पडेल.

शेवटचं, पैशाचं. व्हिजिटर इन्शुरन्सच्या भीतीने पुष्कळ घरं रात्र काढतात. बिल येतं, मोठं येतं, ते खोटं नाही. पण १९८६ च्या कायद्याने जवळपास प्रत्येक इमर्जन्सी विभागाला पैशाचा विचार न करता आधी तपासावं आणि जीव सावरावा लागतो. बिलावर नंतर बोलता येतं, हप्ते मागता येतात.

आज रात्री जेवताना आईबाबांना एवढंच सांगा: काही झालं तर आम्हाला उठवा. आणि त्यांनी उठवलं, तर कपाळाला आठी घालू नका. भेटू पुढच्या रविवारी.