सहीच्या आधी



 काल रात्री उशिरा या संमेलनासाठी पुण्यात आलेल्या पाहुण्यांना आणायला आमच्या स्वागत समितीचे जे स्वयंसेवक स्टेशनवर उभे होते, त्यांत दोघे येमेनचे, तिघे अफगाणिस्तानचे आणि एक मुलगी टांझानियाची होती. ही मुलं पाहुण्यांना घ्यायला गेली याचं मला फार अप्रूप आहे. कधीतरी पत्ता लिहिलेला कागद हातात धरून तीही याच शहरात उतरली होती, आणि त्यांना घ्यायला तेव्हा कुणी आलेलं नव्हतं.

परदेशी विद्यार्थी आणि पुणे हे नातं जुनं आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडून आहे आणि ती त्याला जेवण पोचवते आहे. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्यातूनच १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था उभी राहिली. पुढे सिंबायोसिसचं विद्यापीठ झालं, पण मुळात परक्या देशातून आलेल्या मुलाला इथे आपलं माणूस भेटावं यासाठी ती होती. पुणेकर म्हणून मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

जेवणाचा, आजारपणाचा, एकटेपणाचा प्रश्न अजून संपलेला नाही. त्याच्या जोडीला आता कागदांचा प्रश्न येऊन बसला आहे, आणि आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

मुलगा इथे येतो. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर १४ दिवसांच्या आत त्याची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी व्हावी लागते. ज्याच्या घरी उतरला त्या घरमालकाला २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. पदवीला जायचं तर त्याच्या देशातला दाखला आपल्या बारावीच्या तोडीचा आहे, याचं प्रमाणपत्र आणावं लागतं. त्यानंतर आमच्यासारख्या इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थांचा अर्ज, फीचे नियम, हजेरीचे नियम, वसतिगृहाचे नियम, हमीपत्र. हे सगळं इंग्रजीत असतं. आणि मुलगा आलेला असतो इंग्रजी शिकायला.

ही विसंगती माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. मी ज्या संस्थेत शिकवत होते तिथे येमेनहून आलेला एक मुलगा होता. सहा महिन्यांच्या कोर्सची फी त्याच्या वडिलांनी एकरकमी भरली होती. दोन महिन्यांतच वडील गेले. घरात थोरला हाच, त्यामुळे परत जाणं भाग होतं. ऑफिसात जाऊन त्याने उरलेल्या चार महिन्यांची फी मागितली. क्लार्कने त्याच्याच सहीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला आणि अकराव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, इथे लिहिलंय." त्याच्या बोटाखाली शब्द होता ‘रिफंडेबल’. डिक्शनरीत बघून त्यावर त्याने पेन्सिलीने अरबीत अर्थही लिहून ठेवला होता. मी वरची ओळ पाहिली. तिच्या अगदी शेवटी, समासाला चिकटून, ‘नॉन’ होता आणि त्याच्यापुढे एक बारीक आडवी रेघ. शब्द दोन ओळींत तुटला होता.

जन्मापासून उजवीकडून डावीकडे वाचत आलेला तो मुलगा. ओळीच्या उजव्या टोकाला लोंबकळणारं ते अक्षर खालच्या ओळीच्या डाव्या टोकाच्या शब्दाला जोडून वाचायचं असतं, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं? मी सांगायला हवं होतं. त्याची शिक्षिका मी होते. पहिल्या आठवड्यात मी त्याला ‘माझं कुटुंब’ आणि ‘माझा दिनक्रम’ शिकवत बसले होते. तो कागद मी स्वतःही त्या दिवशीच पहिल्यांदा वाचला.

त्याला पैसे मिळाले नाहीत. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून त्याचं तिकीट काढलं.

त्यानंतर मी माझ्या वर्गाचा पहिला धडा बदलला. पहिला आठवडा आमच्याच नियमांचा कागद शिकवायचा, एकेक ओळ. इराणी आणि अफगाण मुलांना शिकवताना मला अनपेक्षित मदत झाली ती मराठीची. अर्ज, मुदत, खर्च, कागद, हजेरी हे आपले कचेरीतले शब्द त्यांच्याच भाषेतून आलेले. शिवाजी महाराजांनी अशा शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी यांतले कितीतरी शब्द आपल्या तोंडी राहिले ते राहिलेच. मी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून शेजारी मराठी शब्द उच्चारला की मुलांचे चेहरे उजळत. एकदा मी ‘तक्रार’ म्हटलं आणि हेरातची एक मुलगी गोंधळली. तिच्याकडे ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. शब्द ओळखीचा, अर्थ निराळा. मग त्या एका शब्दावर अर्धा तास गेला. तक्रार म्हणजे काय, ती कुणाकडे करायची, लेखी की तोंडी, किती दिवसांत उत्तर मिळतं, तक्रार केली म्हणून कुणी नाव काढून टाकेल का? मुलं विचारत होती आणि मी कागद वरखाली करत होते. यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्या कागदावर नव्हतं.

अशी उत्तरं लिहिलेली असू शकतात. आपलीच मुलं जिथे जातात त्या ऑस्ट्रेलियाकडे पाहा. २००९-१० च्या सुमारास तिथली काही खासगी कॉलेजं बंद पडली आणि फी भरून बसलेले परदेशी विद्यार्थी उघड्यावर आले. त्यांत भारतीय मुलं बरीच होती. त्यानंतर कायदा तपासला गेला आणि जुलै २०१२ पासून तिथे फीच्या संरक्षणाची योजना सुरू झाली. कॉलेज बुडालं तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा, नाहीतर न वापरलेली फी परत. कोर्स २५ आठवड्यांहून मोठा असेल तर तो सुरू होण्याआधी निम्म्याहून जास्त फी मागता येत नाही. विद्यार्थ्याने आपणहून भरली तर गोष्ट वेगळी. व्हिसाच नाकारला गेला तर कॉलेजला ठेवून घेता येते ती फीच्या पाच टक्के किंवा ५०० डॉलर, यांतली जी कमी असेल ती रक्कम. इंग्रजीच्या वर्गात एका शिक्षकामागे १८ पेक्षा जास्त मुलं नकोत आणि आठवड्याला किमान २० तास शिकवणं हवं, हेही लिहिलेलं आहे. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की विद्यार्थ्याशी करायचा लेखी करार साध्या इंग्रजीत असला पाहिजे, हे त्यांच्या राष्ट्रीय संहितेतच म्हटलं आहे. संस्था हजेरीवरून विद्यार्थ्याचं नाव सरकारला कळवणार असेल तर आधी त्याला लेखी सांगावं लागतं, आणि दाद मागायला त्याला कामकाजाचे २० दिवस मिळतात.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. विद्यार्थी व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून एकदम १६०० झाली आणि पुढच्या जुलैत २०००. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची अटही मार्च २०२४ मध्ये साडेपाचावरून सहावर नेली. सामान्य घरातल्या मुलासमोर दार असं लोटून घ्यावं हे मला मान्य नाही. पण जो आत आला त्याला स्वतःचे हक्क कागदावर वाचता येतात. सांगलीची किंवा जळगावची मुलगी मेलबर्नला पदवीआधीच्या फाउंडेशन कोर्सला जाते तेव्हा तिचे आईवडील या तरतुदींच्या भरवशावर कर्ज काढतात. तसाच भरवसा येमेनमधल्या सनाच्या किंवा टांझानियातल्या दार-ए-सलामच्या आईवडिलांना आपण देतो का?

आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परवानगी दिली. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत द्यायची याची पायरीपायरीने कमी होणारी टक्केवारी आयोगाने २०१८ मध्येच ठरवून दिली आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी कळवलं तर शंभर टक्के, तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही नाही. पदवीच्या आधीच्या आपल्या इंग्रजीच्या कोर्सना हाच न्याय आपण आपणहून लावला तर कोण अडवणार आहे? मी हे संस्थाचालकांना उद्देशून बोलते आहे, आणि ते समोर बसले आहेत याचा मला आनंद आहे.

हजेरीविषयी मात्र मला थोडं थांबायला हवं. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं. त्याच महिन्यात भारत सरकारने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द ठरवले आणि येण्यासाठी ई-व्हिसा सक्तीचा केला. कोविडमध्ये घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली. माझी एक विद्यार्थिनी काबूलमधून फोनवर वर्गाला बसायची. वीज असेल तेव्हा ती दिसायची, नसेल तेव्हा नाही. सत्राअखेर तिची हजेरी ६१ टक्के भरली आणि नियम होता ७५ चा. रजिस्टर माझ्यासमोर होतं आणि अपवादाची एक ओळही नियमांत नव्हती. ऑस्ट्रेलियात इंग्रजीच्या वर्गासाठी ८० टक्क्यांची अट आहे, पण किमान ७० टक्के हजेरी असेल आणि कारण खरोखर करुण किंवा अपरिहार्य असेल तर नाव न कळवण्याची मुभाही त्याच नियमात आहे. तिला ही सवलतसुद्धा पुरली नसती. नियम लिहिताना युद्ध, टाळेबंदी, घरातला मृत्यू या गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात. नाहीतर सगळं शिक्षकाच्या दयेवर राहतं, आणि शिक्षक बदलला की दयाही बदलते. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांची दारंच बंद केली. त्यानंतर ती मुलगी वर्गात दिसली नाही. तिचं नाव मी रजिस्टरमधून खोडलेलं नाही.

फाउंडेशन कोर्सवर उद्या सकाळी स्वतंत्र सत्र आहे, त्यामुळे आज एवढंच सांगते. बोलण्यापुरतं इंग्रजी आलेलं मूल वाणिज्याच्या वर्गात ‘डेबिट’पाशी आणि विज्ञानाच्या वर्गात ‘सॉल्व्हंट’पाशी अडतं. त्या सत्राला भाषेच्या शिक्षकांनी आणि विषयाच्या शिक्षकांनी शेजारी शेजारी बसावं अशी माझी विनंती आहे.

आता व्यवस्थेचं. जेवण दुपारी एक वाजता मागच्या मंडपात आहे. रमजानचे राहिलेले रोजे ठेवणाऱ्या विद्यार्थिनींसाठी नमाजाची खोली पहिल्या मजल्यावर आहे. प्रत्येकाच्या फाइलमध्ये एक जादा पान घातलं आहे. इंग्रजीच्या कोर्सला प्रवेश घेणाऱ्या मुलाला सहीच्या आधी काय काय कळलं पाहिजे, ते आमच्या विद्यार्थ्यांनी त्यावर साध्या इंग्रजीत लिहिलं आहे, आणि मागच्या बाजूला अरबी, दरी, स्वाहिली आणि फ्रेंचमध्ये. फी, हजेरी, रजा, तक्रार, सगळं एका पानात. एकही शब्द दोन ओळींत तुटू दिलेला नाही. त्यात चुका असतील, काही नियम तुमच्या संस्थेला अडचणीचेही वाटतील. फाइलमध्ये लाल पेन्सिल आहे, तिने खुणा करा आणि संध्याकाळी जाताना पान दारापाशी द्या. काल स्टेशनवर तुम्हाला घ्यायला आलेली टांझानियाची मुलगीच तिथे बसलेली असेल.

उद्घाटकांना मी दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करते.