काटा चढत नाही? आधी हवा कुठे जाते ते शोधा!

श्रावण लागला की लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत दोन आवाज कायम असतात. एक ताडपत्रीवरच्या पावसाचा, दुसरा कॉम्प्रेसरचा. अंगाचा रंग, पितांबर, शेला सगळं गनने मारायचं आणि डोळ्यांची आखणी हाताने. नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर रुसतो. गणपतीची तारीख काही पुढे जात नाही, म्हणून मला अपरात्री फोन येतात. मी हीच मशीन दुरुस्त करतो. आजचा भाग घरात किंवा गाळ्यात २४-२५ लिटरचा छोटा कॉम्प्रेसर असलेल्यांसाठी.

आधी पाना खाली ठेवा. एकच चाचणी करा. टाकी भरू द्या, मोटर आपोआप बंद झाली की प्लग काढा, गनकडे जाणारा कॉक बंद करा आणि १५-२० मिनिटं टाकीचा काटा बघा.

काटा खाली आला, तर हवा गळतेय. साबणाचं पाणी करा आणि प्रत्येक जोडावर, ड्रेन कॉकवर, सेफ्टी व्हॉल्व्हवर ब्रशने लावा. बुडबुडे आले की चोर सापडला. टाकी पूर्ण रिकामी करून जोड उघडायचा, टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा बसवायचा.

आता एक गंमत. मोटर बंद होताना प्रेशर स्विचपाशी ‘फुस्स’ होतं ना? ते बरोबर आहे. हेडमधली अडकलेली हवा बाहेर पडते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर हलकी सुरू होते. पण ती फुसफुस थांबतच नसेल, तर लोक स्विच बदलतात आणि पैसे वाया घालवतात. कारण बहुतेक वेळा दोष असतो टाकीच्या तोंडावरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. तिथे कचरा किंवा गंज अडकला की टाकीतली हवा उलटी येते आणि स्विचमधून निसटते. व्हॉल्व्ह काढून साफ करा, आतलं रबर झिजलं असेल तर बदला.

काटा जागेवर राहिला, पण मशीन चालू असताना ४ बारच्या वर चढतच नव्हता? मग गळती नाही, पंप हवा कमी भरतोय. पहिल्यांदा एअर फिल्टर काढून बघा. कारखान्यात पीओपीची पूड उडते, फिल्टर पिठासारखा पांढरा होतो. फिल्टर काढल्यावर हवेच्या तोंडाजवळ तळहात धरा. आत ओढण्याऐवजी हवा बाहेर फेकत असेल, तर हेडमधली व्हॉल्व्हची पट्टी तुटली किंवा वाकली आहे. तिथे सगळं ठीक असेल, तर गॅस्केट किंवा पिस्टनच्या रिंगा बघायच्या.

टाकी ८ बारला भरलेली, तरी ट्रिगर दाबला की गन मरते? मग दोष पुढे आहे. रेग्युलेटर, तुंबलेला पाणी-फिल्टर, बारीक पाइप. किंवा गनलाच पंपापेक्षा जास्त हवा लागते. तिथे दुरुस्ती नाही, छोटं नोझल लावायचं.

मोटर नुसती घूं-घूं करते? लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. हेडमधली हवा सुटलेली नसते, कॅपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर लांबलचक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं. चाळीत प्लग लांब असेल तर वायर लांबवू नका, हवेचा पाइप लांबवा.

आता मुंबईच्या पावसाचं. इथली हवा ओली. दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं. जेवढं पाणी, तेवढी हवेला जागा कमी. टाकी पटकन भरते, पटकन संपते, मोटर सारखी चालू-बंद होते. वर रंगावर पाण्याचे थेंब उडतात, मेहनत फुकट. म्हणून रोज काम संपलं की थोडा दाब शिल्लक असताना ड्रेन कॉक उघडा.

हे आळसाचं काम नाही, जिवाचं आहे. साचलेलं पाणी टाकी आतून गंजवतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ८ बार म्हणजे साधारण ११६ पीएसआय. पत्रा पातळ झाला की टाकी फुटू शकते, आणि शेजारी आपली पोरं गणपती रंगवत बसलेली असतात. त्यामुळे तीन गोष्टी कधीच नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. ‘प्रेशर वाढव’ म्हणून स्विचचा स्क्रू आवळायचा नाही. गळकी टाकी वेल्डिंग करून वापरायची नाही, ती भंगारातच द्यायची.

आणि एक फुकटची युक्ती. मशीन ठणठणीत असताना रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो, तो मोबाइलवर मोजा आणि टाकीवर मार्करने लिहून ठेवा. दर महिन्याला पुन्हा मोजा. वेळ वाढायला लागला की समजा, पंप थकतोय. श्रावणाच्या आधीच नागदेवीला जाऊन गॅस्केट आणि फिल्टर आणून ठेवा.

तुमचा काटा कुठे अडतो, व्हॉइस नोट पाठवा. मशीनचा आवाजही त्यात येऊ द्या, बरंचसं दुखणं तिथेच कळतं. भेटू पुढच्या भागात!