मानमोडी म्हणण्याआधी

परसातल्या दहा-बारा कोंबड्या दोन दिवसांत आडव्या झाल्या, की गावात निदान व्हायला वेळ लागत नाही. शेजारीण कुंपणापलीकडून डोकावते, ‘मानमोडी आली असंल,’ म्हणते आणि विषय मिटतो. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर जातात. ज्या अजून पायावर उभ्या आहेत त्यांतल्या एकदोन त्याच रात्री कालवणात पडतात, उरलेल्या आठवडी बाजार गाठतात. खुराडं रिकामं होतं आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो.

शेजारणीचं चुकतंच असं नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळ आणि जावा बेटावर हा रोग नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी तो कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला सापडला. जगाने न्यूकॅसलचं नाव धरलं, आपण राणीखेतचं. हिरवट पातळ विष्ठा, धाप, लुळे पंख, आणि जगलीवाचलीच तर पिळवटलेली मान. लस न दिलेल्या कळपात तो शिरला तर खुराडंच्या खुराडं साफ करतो.

लस आहे, आणि स्वस्त आहे. पिल्लू आठवड्याचं असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण वेगळीच आहे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या पाळणारी बाई ती एकटीने का उघडेल? बचत गटातल्या बायकांनी एक सकाळ ठरवली आणि सगळ्या आळीच्या कोंबड्या एकदम टोचून घेतल्या, तर हा प्रश्न सुटतो. बऱ्याच गावांत ती सकाळ ठरतच नाही.

पण राणीखेत इतकी ओळखीची आहे की तिच्या नावाखाली बाकीचं बरंच काही लपून जातं. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर याचं ठळक उदाहरण आहे. २००६च्या सुरुवातीला तिथल्या पोल्ट्रीत कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी ती राणीखेतच धरली. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला सरकारने जाहीर केलं, की हा एच-५-एन-१, म्हणजे बर्ड फ्लू आहे. भारतातला तो पहिला उद्रेक. त्यानंतरही पोल्ट्री धंद्यातले काही जण ‘ही राणीखेतच’ म्हणत राहिले. धंदा बुडत असताना माणूस ओळखीच्या रोगाचा हात धरतो, हे समजण्यासारखं आहे. पुढे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांच्या परसापर्यंत पोचला. या दोन रोगांची बाहेरची लक्षणं इतकी मिसळतात, की नुसत्या डोळ्यांनी ते वेगळे करता येतील असं अनुभवी पशुवैद्यही छातीठोकपणे सांगत नाही.

मग चौकशी सुरू कुठून होते? घड्याळापासून. संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या सगळ्या कोंबड्या सकाळी एकदम मेलेल्या असतील, तर संशय आधी विषाकडे, उन्हाकडे किंवा शिकारी जनावराकडे जातो. संसर्ग सहसा पायऱ्या चढत येतो: आज दोन, उद्या पाच, परवा उरलेल्या. मुंगूस किंवा रानमांजर खुराड्यात शिरलं, तर ते खाण्यापेक्षा कितीतरी जास्त कोंबड्या मारून जातं, आणि मानेवरच्या दातांच्या खुणा पिसं बाजूला केल्याशिवाय दिसतही नाहीत. उन्हाचं आणखी वेगळं. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत ती अंग थंड ठेवते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या बंद खुराड्यात ही सोय फार काळ पुरत नाही.

विषाची चौकशी पेरणीच्या दिवसांत हटकून करावी लागते. कीटकनाशक चोळलेलं बियाणं, दाणेदार औषधाची फाटकी पिशवी, उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइडचं आमिष, या गोष्टी कोंबडीच्या वाटेवरच असतात. अशा वेळी पशुवैद्य आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी उघडून पाहतो. शेवटचं जेवण तिथे जवळपास जसंच्या तसं असतं. रंगीत बियाणं दिसतं, कधी लसणासारखा उग्र वास येतो. राणीखेतचा माग थोडा खाली लागतो. पेट्याच्या जरा आधी जठराचा जो मऊ भाग असतो, त्याच्या आतल्या अंगाला रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके असतील तर कोंबड्यांच्या पटकीचा विचार होतो. जांभळा पडलेला तुरा, सुजलेलं डोकं, पायांच्या नळीवर रक्ताचे डाग असं काही असेल, तर बर्ड फ्लूच्या शंकेने पशुवैद्य चाकू खाली ठेवतो आणि फोन हातात घेतो.

उत्तर नेहमी जंतूंतच सापडतं असंही नाही. १८९०च्या आगेमागे बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिस्तियान आइकमन नावाचा डच लष्करी डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, काही मेल्या. त्याला वाटलं, सापडला जंतू! पण ज्या कोंबड्यांना त्याने काहीच टोचलं नव्हतं, त्यांचेही पाय गेले. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवल्या, तरी तेच. आणि मग अचानक सगळ्या बऱ्या होऊ लागल्या. आइकमनने औषध दिलं नव्हतं, त्याने चौकशी केली. कळलं ते असं: मधले काही महिने कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात मिळत होता. मग आचारी बदलला. सैनिकांचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशासाठी, असं म्हणून नव्या आचाऱ्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि पायावर उभ्या राहिल्या. आइकमनला आधी वाटलं की भातातच काही विष असावं. भातात काहीतरी कमी आहे, ते कोंड्याबरोबर निघून गेलं आहे, हे १९०१ साली त्याचा सहकारी गेरिट ग्राइन्स याने मांडलं. ते म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. त्या आचाऱ्याचं नाव मात्र कोणी टिपून ठेवलेलं दिसत नाही.

खाण्याची चौकशी १९६० साली इंग्लंडलाही करावी लागली. लाखभर टर्की पिल्लं मेली, कारण कळेना, म्हणून रोगाला नुसतं ‘टर्की एक्स’ म्हटलं गेलं. माग काढत गेल्यावर ब्राझीलमधून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीचं विष सापडलं. तेच अफ्लाटॉक्सिन. १९७४ साली याच विषाने गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरसलेला मका खाणारी शंभरहून अधिक माणसं दगावली; त्यांच्या घरची कुत्रीही मेली. भिजून काळा पडलेला मका ‘कोंबड्यांना होईल’ म्हणून बाजूला काढणाऱ्या घरांनी ही गोष्ट ऐकून ठेवावी.

तेव्हा कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवायचं. मेलेली कोंबडी घरी चिरायची नाही, कुत्र्या-मांजरांपुढे टाकायची नाही, बाजारात तर मुळीच न्यायची नाही. हात पिशवीत घालून ती उचलायची, दुहेरी पिशवीत बांधून डॉक्टर येईपर्यंत बर्फावर ठेवायची. गोठवायची मात्र नाही, गोठल्यावर आतले अवयव तपासायला नीट राहत नाहीत. आसपास कावळे मरून पडले असतील तर तेही सांगायचं. २०२५च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला बर्ड फ्लूचा माग मेलेल्या कावळ्यांवरूनच लागला होता. पुण्यातल्या औंधचा रोग अन्वेषण विभाग नमुने पाहतो, आणि बर्ड फ्लूचा शेवटचा शब्द भोपाळचा असतो.

कळवलं तर सगळ्याच कोंबड्या मारतील, ही भीती खरी आहे. बर्ड फ्लू ठरला तर साधारण एक किलोमीटरच्या टापूतले पक्षी मारले जातात. मात्र सरकारी भरपाई मिळते ती अशा मारलेल्या पक्ष्यांची. पथक यायच्या आधी उकिरड्यावर गेलेल्यांचे पैसे कोणी देत नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९च्या कायद्याने अशा रोगाची शंका आल्यास कळवणं मालकावर बंधनकारक आहेच, पण आठ कोंबड्यांच्या मालकिणीला कायद्याच्या कलमापेक्षा हा हिशेब लवकर पटतो.