ऊसतोडीचा हंगाम आणि विद्यार्थ्याचें दप्तर

दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें कीं बालाघाटाच्या डोंगररांगांतील वाड्यावस्त्यांवरून दुसरें एक सीमोल्लंघन सुरू होतें. मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें भांडींकुंडीं, अंथरूण-पांघरूण आणि कोयते बांधून कारखान्याची वाट धरतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी सातारा-सोलापुराकडे, तर कोणी थेट कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. त्या हिशेबांत मुलांची गणती कोठेंच नसते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पांच-सहा महिने लोटतात, आणि शाळेच्या वर्षाचा गाभा नेमका त्याच महिन्यांत येतो. बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या व्यवस्थितपणाविषयीं विचार करावयाचा, तर तो या वस्तुस्थितीपासूनच आरंभिला पाहिजे.

हा प्रश्न सहावी ते आठवी या इयत्तांत विशेष बिकट होतो. पहिली-दुसरींतील मुलाचें सारें ओझें एका गुरुजींच्या लक्षांत असतें. सहावीपासून विषय वाढतात, प्रत्येक विषयाची वही निराळी होते, बहुतेक ठिकाणीं शिकविणारे शिक्षकही निराळे असतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेंही या इयत्तांचा व्याप मोठा धरला आहे: पहिली ते पांचवीस वर्षाला 200 दिवस व 800 तास, तर सहावी ते आठवीस 220 दिवस व 1000 तास अध्यापन व्हावें, असा त्यांत दंडक आहे. हें सारें सांभाळणारें मूल मात्र अवघें अकरा ते चौदा वर्षांचें असतें. पुढचा बेत आंखणें, वेळेचा अंदाज घेणें, मोह आवरणें हीं कामें मेंदूच्या ज्या पुढील भागाकडे असतात, त्याची वाढ पंचविशीच्या सुमारास पूर्ण होते, असें आजचें शास्त्र सांगतें. तेव्हां वही विसरणाऱ्या मुलास बेजबाबदार म्हणणें म्हणजे कालच्या रोपट्यास ‘तूं सावली कां देत नाहींस’ असें विचारण्यासारखें आहे. मोठ्यांनीं कांहीं काळ त्याची आठवण व्हावें, आणि मग तें काम थोडेंथोडें त्याच्याच हातीं सोंपवावें, हाच खरा मार्ग होय.

अव्यवस्था मुलास शाळेपासून कशी दूर नेते, तें पाहण्यासारखें आहे. आईवडील तोडीला गेलेलीं आणि सातवींतील मुलगी आजीपाशीं राहिलेली, असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. पाणी भरणें, भाकरी थापणें, धाकट्या भावाची तयारी करणें हीं कामें आतां तिच्याकडे येतात. एखादा दिवस शाळा बुडते. गणिताचा एक पाठ हुकतो. वहींत दोन पानें कोरीं राहतात. दुसऱ्या दिवशीं पुढचा पाठ समजत नाहीं, आणि कोरीं पानें दाखविण्याची लाज वाटून तिसरा दिवस ती आपणहून बुडविते. जानेवारी उजाडतां उजाडतां ‘पोरीचें मन शाळेंत लागत नाहीं’ असा निर्वाळा दिला जातो आणि घरांत तिच्या लग्नाची गोष्ट निघते. मुलीच्या लग्नाचें वय कायद्यानें अठरा ठरविलें आहे. पण जिची शाळा सुटली, तिच्या बाबतींत ती मर्यादा पाळली जाईल याचा भरंवसा कोणी द्यावा? दोन कोऱ्या पानांचें मोल एवढें मोठें असूं शकतें.

घरानें करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पैशाच्या मुळींच नाहींत. मात्र त्या टोळी निघण्यापूर्वी व्हाव्या लागतात. पहिली गोष्ट जागेची. भिंतींतील एक कोनाडा वा एखादी पेटी केवळ दप्तरासाठीं राखून ठेवावी. दप्तर घरांत आलें कीं तेथेंच जावें व तेथूनच उचललें जावें. दुसरी गोष्ट वेळेची. दप्तर सकाळच्या घाईंत न भरतां रात्रीं जेवणानंतर, उद्यांचें वेळापत्रक पाहून भरावें. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनीं 1999 मध्यें मांडलेला एक विचार येथें उपयोगी पडतो. ‘अभ्यास करीन’ असा मोघम संकल्प बहुधा विरून जातो. ‘ताट धुऊन ठेवलें कीं दप्तर भरीन’ असा एखाद्या ठराविक प्रसंगाशीं जोडलेला संकल्प पुष्कळ अधिक टिकतो. तिसरी गोष्ट एका लहानशा वहीची. साऱ्या विषयांचा गृहपाठ त्या एकाच वहींत तारखेसह लिहावा आणि झालेल्या कामावर खूण करावी. आजीस अक्षरओळख नसली तरी अडत नाहीं; खुणा किती झाल्या आणि किती राहिल्या, हें तिला दिसतें. चौथी गोष्ट फोनाची. फडावरून आईवडिलांचा फोन आला म्हणजे ‘जेवलीस कां’ या प्रश्नामागून ‘आज वहींत काय लिहिलेंस’ हा प्रश्न यावा. शेंकडों मैलांवरून देतां येईल असा याहून मोठा आधार नाहीं.

शाळेची जबाबदारी याहून थोडी अधिक आहे. गृहपाठ फळ्याच्या एकाच कोपऱ्यांत सर्व शिक्षकांनीं एकाच पद्धतीनें लिहावा आणि शेवटच्या तासाचीं पांच मिनिटें तो उतरून घेण्यास द्यावीं. दोन-दोन विद्यार्थ्यांची जोडी लावून द्यावी. एकाचा दिवस बुडाला तर दुसऱ्यानें त्याला त्या दिवसाचें काम सांगावें. आणि बुडालेल्या मुलास ‘सर्व उतरून आण’ अशी शिक्षा न देतां, पुढचा पाठ समजण्यास जें अवश्य, तेवढेंच आधीं पुरें करून घ्यावें. पालकांच्या नियमित सभा घेणें हें शिक्षकांचें कर्तव्य म्हणून कायद्यांतच नमूद आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे, असाही नियम आहे. परंतु जेथें पालकच गांवांत नाहींत, तेथें हिंवाळ्यांतील सभेस कोण येणार? म्हणून ही सभा दसऱ्यापूर्वी भरवावी, आणि त्यानंतरच्या सभांस आजी-आजोबांस सन्मानानें बोलवावें. त्या सहा महिन्यांचे पालक तेच असतात.

जीं मुलें आईवडिलांबरोबर जातातच, त्यांचीं पुस्तकें गोणींत तळाशीं न जातां एका निराळ्या पिशवींत हाताशीं असावीं. शाळेकडून मिळणारें शिक्षण हमी कार्ड त्याच पिशवींत असावें, म्हणजे कारखान्याजवळील शाळेंत मुलास बसवितांना अडचण येत नाहीं. दाखला मागितल्यास शाळेनें तो विनाविलंब द्यावा, हीही कायद्याचीच आज्ञा आहे.

अर्थात् कोनाडा आणि वही यांनीं सारें भागत नाहीं. ज्यांच्यामागें घरीं सांभाळणारें कोणीच नाहीं, त्यांना निवारा हवा. गांवोगांवच्या हंगामी वसतिगृहांचा हेतु तोच. शिरूर कासार तालुक्यांतील आर्वी येथें 2000 सालीं दीपक व कावेरी नागरगोजे यांनीं ‘शांतिवन’ उभें केलें, तेंही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठींच. 2021 मध्यें राज्य सरकारनें संत भगवानबाबा यांच्या नांवानें 41 तालुक्यांत मुलांचीं व मुलींचीं मिळून 82 वसतिगृहें काढण्याची योजना मंजूर केली. हे प्रयत्न मोलाचे आहेत. मात्र वसतिगृहांत घंटा वाजते म्हणून मूल अभ्यासास बसतें. पट्टा पडून तें घरीं परतलें म्हणजे घंटा थांबते. तेव्हां तेथेंही वहीवर खूण मुलानें स्वतः करावी, अधीक्षकांनीं ती केवळ पाहावी. आरंभीं रोज पाहावी, मग आठवड्यानें, मग महिन्यानें. आधार असा हळूहळू काढून घेतला, म्हणजेच मूल आपल्या पायांवर उभें राहतें.

ऊसतोडीला जाणें हें या जिल्ह्यांतील कुटुंबांच्या हौसेचें काम नव्हे. पाऊस आणि पोट यांनीं तें त्यांच्यावर लादलें आहे. तें एका वर्षांत थांबणार नाहीं. परंतु टोळी निघण्यापूर्वीच्या आठ दिवसांत एक सभा, एक कोनाडा आणि एक वही इतकें जमविणें घर व शाळा या दोघांच्याही आटोक्यांतलें आहे. आई कोयता बांधीत असतांना मुलीच्या वहीचें पहिलें पान लिहून व्हावें, म्हणजे ती परत येईल तेव्हां तिला मुलगी वर्गांत बसलेली दिसेल.